क्षमायाचनेतील लुप्त कर्ता

समाजमाध्यमांच्या काळातील लौकिकरक्षणाचा विचार जनसंपर्कविषयक लेखनात बहुधा वेगाच्या अंगाने केला जातो. उत्तर जितके त्वरित, तितकी हानी कमी, असे या विचाराचे सूत्र आहे. युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकन विमानकंपनीने एप्रिल २०१७ मध्ये काढलेली निवेदने भाषिक दृष्टीने तपासली असता हे सूत्र अपुरे ठरते.

९ एप्रिल रोजी शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या विमानातील चार आसने कंपनीला तेथे पाठवावयाच्या विमानकर्मचाऱ्यांसाठी हवी होती. भरपाई देऊ करूनही कोणी स्वेच्छेने उतरेना, तेव्हा चार प्रवासी निवडण्यात आले. त्यांपैकी एकाने नकार देताच विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यास आसनावरून ओढून काढले व मधल्या वाटेतून फरफटत नेले. सहप्रवाशांनी टिपलेली ही दृश्ये लवकरच जगभर पाहिली गेली.

कंपनीचे मुख्याधिकारी ऑस्कर म्यूनोझ यांचे निवेदन दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झाले. म्हणजे विलंबाचा आक्षेप येथे फारसा लागू पडत नाही. त्यात क्षमा मागितली होती ती या ग्राहकांना 'री-अकॉमोडेट' करावे लागल्याबद्दल. या शब्दाचा अर्थ दुसरीकडे सोय लावून देणे एवढाच होय. फरफटत नेण्याच्या क्रियेला हे नाव मिळताच क्रिया व कर्ता दोन्ही दृष्टीआड झाली. 'करावे लागणे' ही रचनाही तितकीच सूचक आहे. मराठीत 'आम्हांला फेरव्यवस्था करावी लागली' असे म्हटले की कर्ता प्रथमा सोडून चतुर्थीत जातो. करणारा तोच असूनही तो परिस्थितीने बांधलेला भासतो. क्षमा मागणारा वाक्यात उभा आहे, पण अपराध करणारा नाही.

त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात मात्र प्रवाशाचे वर्णन व्यत्यय आणणारा व भांडखोर असे केले होते. कंपनीच्या कृतीला कर्ता नाही. प्रवाशाच्या कृतीला मात्र ठळक कर्ता आहे. पूर्वी ग्राहकांसाठी एक भाषा व कर्मचाऱ्यांसाठी दुसरी, अशी विभागणी बऱ्याच अंशी निभावत असे. येथे पत्र तत्काळ बाहेर आले, आणि वाचकांनी निवेदन, पत्र व चित्रफीत ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली. समाजमाध्यमांनी घडविलेला महत्त्वाचा बदल तो हाच. संस्थेचे वाक्य आता एकट्याने वाचले जात नाही. घटनेची साक्ष त्याच्या लगत असते.

म्यूनोझ यांना मार्च २०१७ मध्येच 'पीआरवीक' या जनसंपर्कविषयक नियतकालिकाने उत्कृष्ट संवादकाचा सन्मान दिला होता. यावरून दोष केवळ व्यक्तीच्या अकौशल्याचा म्हणता येत नाही. कर्ता लपविणे हा या लेखनप्रकाराचा रूढ संकेतच आहे. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' या परिचित मराठी सूचनेतही गैरसोय कोणी केली हे कोठे सांगितलेले असते?

११ एप्रिलच्या दुसऱ्या निवेदनात घटनेला भयंकर म्हटले गेले आणि संपूर्ण जबाबदारी स्वीकारली गेली. प्रत्यक्ष ओढणारे हात कंपनीच्या नोकरांचे नव्हते. तरीही ही सबब पुढे करण्यात आली नाही, हे या निवेदनाचे खरे बळ होय. तथापि, लोकक्षोभानंतर आलेली ही भाषा प्रामाणिक होती काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर वाक्यरचनेच्या विश्लेषणातून मिळणार नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांनुसार क्षमा मागणे हे वर्णन नसून कृती आहे, आणि काही उक्तींची सफलता वक्त्याच्या पुढील वर्तनावरही अवलंबून असते. २७ एप्रिलला कंपनीने सुरक्षेचा प्रश्न नसेल तर प्रवाशांना उतरविण्यासाठी पोलिसांची मदत न घेण्याचे, तसेच स्वेच्छेने आसन सोडणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे धोरण जाहीर केले; त्याच दिवशी प्रवाशाशी तडजोड झाल्याचेही जाहीर झाले. दुसऱ्या निवेदनाला वजन आले ते या निर्णयांमुळे.

तात्पर्य, अशा निवेदनांचे मूल्यमापन करताना ते किती तासांत निघाले याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : अपराधाच्या क्रियापदाला कर्ता आहे काय, आणि त्या कर्त्याने पुढे काय बदलले.