ज्याला स्वयंपाक येत नाही, त्याचा डबा

अंगत-पंगत ठरली, ग्रुपवर यादी फिरायला लागली, की पहिल्या पाच मिनिटांत पुलाव, छोले, पावभाजी आणि गुलाबजाम यांची वाटणी होऊन जाते. ज्यांचा हात बसलेला आहे ते झटकन आपापली जागा धरतात. मागे राहतो तो सिडकोतल्या खोलीवर राहून वाळूजला शिफ्ट करणारा, किंवा विद्यापीठात पीएच.डी.ला असलेला, दोन्ही वेळा मेसचा डबा खाणारा एखादा. त्याच्या नावापुढे कुणीतरी काकू मायेनं लिहून टाकतात : ‘तू पाणी आणि पत्रावळ्या आण रे.’ विषय संपला. मला हा अन्याय वाटतो. त्या मुलावर थोडा, पंगतीवर जास्त.

कारण पंगत भरल्यावर ताटाकडे नीट बघा. ज्यांना येतं त्या सगळ्यांनी चुलीवरचं आणलेलं असतं. सगळं शिजलेलं, सगळं मऊ, सगळ्याला तेलाचा तवंग. घरून निघताना वाफाळतं होतं ते रिक्षातून येईपर्यंत कोमट झालंय, आणि कोमट झालं की छोले आणि पावभाजी यांतला फरकही निम्मा होतो. दाताखाली कुरकुरेल असं ताटात काही नसतं. कच्चं काही नसतं. लिंबाची फोड असली तर नशीब. नेमक्या या तीन जागा चूल न पेटवता भरता येतात. त्या भरणाऱ्याला आपण पत्रावळ्या आणायला पाठवलेलं असतं.

आमच्या मराठवाड्यात या कामाचा पदार्थ तयारच आहे : लावलेले मुरमुरे. कुणी कच्चा चिवडा म्हणतं. मुरमुऱ्यांना तेल, तिखट, मीठ आणि मेतकूट लावायचं, वर कांदा, कोथिंबीर, दाणे. फोडणी नाही. संध्याकाळी अचानक पाहुणे आले, शाळेतून पोरं भुकेजून आली, पत्त्यांचा डाव रंगला, की घरोघरी होतो तो हाच. रोजचा म्हणून त्याच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. पाहण्यासारखं मात्र त्यात बरंच आहे.

आधी मुरमुरा. उकडलेला तांदूळ तापलेल्या वाळूत फुलवला की मुरमुरा होतो. त्याच्या पोटात हवा आणि पातळ पापुद्रे, बाकी काही नाही. म्हणून तो हलका, आणि म्हणूनच पाण्याला घाबरतो. थोडी ओल लागली की पापुद्रे बसतात आणि दाण्याचं चामडं होतं. शहागंजात घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या किराण्यात, एक दाणा दोन बोटांत दाबून बघायचा. कट्‌कन तुटला तर घ्यावा. दबून चपटा झाला तर तो सादळलाय. आपल्या शहरात वर्षातले बरेच महिने ऊन फुकट मिळतं. अर्धा तास गच्चीवर पसरले की सादळलेलेही शहाण्यासारखे वागतात. पावसाळ्यात मात्र कढईत मंद आचेवर कोरडेच परतावे लागतात. स्वयंपाक न येणाऱ्याला एवढी चूल माफ.

मग तेल, आणि इथे पदार्थ आपली परीक्षा घेतो. भाजीत तेल तापतं, मसाल्यात मुरतं, कुठल्या घाण्याचं होतं ते विसरलं जातं. इथे ते कच्चंच राहतं, त्यामुळे लपायला जागा नाही. पिशवीतलं रिफाइंड तेल लावलं तर मुरमुरे चकचकीत होतात आणि चव मात्र कागदाची लागते. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल असावं. करडईचं मिळालं तर फारच उत्तम. करडई हे आमच्या कोरडवाहू रब्बीचं जुनं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. भाकरीवर चटणी घेऊन तिच्यात कच्चं तेल सोडून खाणाऱ्या माणसांचा हा मुलूख. कच्च्या तेलाचा वास इथे कुणाला खटकत नाही, उलट तो नसला तर जेवण आजाऱ्याचं वाटतं.

पाव किलो मुरमुऱ्यांनी मोठं पातेलं भरतं. त्याला चार-पाच चमचे तेल. आधी नुसतं तेल, धार धरून, आणि हात खालून वर. चमचा नको, चमच्याने दाणे मोडतात. बोटं पसरून पातेल्याच्या तळाशी न्यायची आणि मुरमुरे उचलून सोडायचे. सुरुवातीला खसखस असा कोरडा आवाज येतो. तेल सगळीकडे पोचत गेलं की तो आवाज खाली उतरतो, जड होतो, आणि तळहाताला बारीक ओशटपणा लागतो. तो लागला की थांबायचं. आता मीठ, लाल तिखट, मेतकूट. तेल आधी का, याचं उत्तर इथे मिळतं. तेलाशिवाय टाकलं तर तिखट मुरमुऱ्यावरून घसरून तळाशी जातं, आणि शेवटच्या माणसाला ठसका लागतो. शिवाय तेलाचा हा पातळ लेप पुढे येणाऱ्या ओलीला काही वेळ थोपवून धरतो.

मेतकूट विकत आणावं, त्यात कमीपणा नाही. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू हे सगळं खमंग भाजून, त्यात धने, जिरे, मेथी, सुंठ, हिंग, हळद घालून दळलेलं ते पीठ आहे. म्हणजे चुलीवरचं सगळं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं आहे. भाजणं हीच स्वयंपाकातली अवघड गोष्ट. ती पुडीत बांधून मिळते. काही घरांत मेतकुटाऐवजी काळा मसाला लावतात. तोही चांगला, पण त्याने मुरमुरे गंभीर होतात. मेतकुटात मेथीचा जो एक पुसट कडवटपणा आहे, तो पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळतो आणि मग हात थांबत नाही. माझा कौल मेतकुटाला.

इतकं घरी होतं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात पंगतीपर्यंत येतं. भाजलेले शेंगदाणे आणि डाळवंही याच डब्यात. कांदा मात्र वेगळ्या डब्यात, बारीक चिरलेला आणि बिनमिठाचा. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो, आणि ते पाणी मुरमुऱ्यांचा जीव घेतं. कोथिंबीर धुऊन, पुसून, कपड्यात गुंडाळून. लिंबू अख्खं. लोक ताटं घेऊन उभे राहिले की मगच कांदा, कोथिंबीर आत जायची, लिंबू पिळायचं, पुन्हा तोच हात खालून वर. ही मिसळण सगळ्यांच्या देखत होते. पुलाव आणणाऱ्याचं कौशल्य घरीच संपलेलं असतं, लोकांपुढे येतो तो फक्त निकाल. हा मात्र करताना दिसतो. ज्याला काहीच येत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्याच्याभोवती आता पाच-सहा पोरं गोळा झालेली असतात आणि कुणीतरी वहिनी म्हणते, ‘अजून थोडा कांदा टाका भाऊ.’

पहिला घास घेतला की आधी हिंगाचा आणि मेथीचा वास, मग कुरकुर, त्यानंतर जिभेच्या टोकावर तिखट. कांद्याचा रस मधेच सुटतो. लिंबू शेवटी येतं आणि मागचं सगळं धुऊन टाकतं. म्हणून छोल्याच्या दोन घासांमध्ये हा एक घास घ्यावा. छोलेही नव्याने लागतात. ही मजा साधारण दहा-पंधरा मिनिटांची. नंतर मुरमुरे मान टाकतात. चांगल्या पदार्थाला संपण्याची वेळ असावी, हे मला यात आवडतं. सुशीला हे त्याचं फोडणी घातलेलं भावंड चवीला छान असलं तरी पंगतीला चालत नाही, कारण ते गरमच खावं लागतं.

चूल न पेटवणाऱ्याचा दुसरा पदार्थ म्हणजे काला. इथून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण. तिथे नाथषष्ठीला दिंड्या येतात. षष्ठी ही एकनाथांच्या समाधीची तिथी, साल १५९९. यात्रेची सांगता फाल्गुन वद्य अष्टमीला काल्याच्या दहीहंडीने होते. काला म्हणजे न शिजवता होणारा सगळ्यात थोर पदार्थ, आणि सगळ्यांनी आणलेलं एकत्र करणारी सगळ्यात जुनी पंगतही. नाथांची टीका भागवताच्या अकराव्या स्कंधावर. ज्या वनभोजनाशी काल्याचं नातं आहे ते दहाव्या स्कंधात, तेराव्या अध्यायात येतं. स्वयंपाक न येणाऱ्यांनी तो अध्याय अवश्य वाचावा. गोपाळांनी घरून शिदोऱ्या आणलेल्या आहेत. ताटं नाहीत, म्हणून कुणी पानावर घेतलंय, कुणी फुलांवर, कुणी झाडाच्या सालीवर, कुणी चक्क दगडावर. प्रत्येक जण आपल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवतो आणि सगळे हसतात. मधोमध कृष्ण, बासरी कमरेला खोचलेली, हातात दहीभाताचा मऊ घास आणि बोटांच्या बेचक्यांत फळं धरलेली. बेचक्यातलं ते फळ म्हणजे तोंडीलावणं. ताट नसताना दहीभात आणि तोंडीलावणं एका हातात कसं सांभाळायचं, हे ज्याने प्रत्यक्ष उभ्याने खाल्लंय त्यालाच सुचेल. कोणती शिदोरी श्रेष्ठ हे कवी सांगत नाही. ती कुणी रांधली हेही सांगत नाही. पहाटे उठलेल्या गोकुळातल्या आया त्या चित्रात कुठेच नाहीत, हा माझा त्या प्रसंगावरचा जुना आक्षेप.

काला पंगतीला न्यायचा तर ज्वारीच्या लाह्या, दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, काकडी, हिरवी मिरची, आल्याचा कीस आणि लिंबाचं गोड लोणचं. आवडत असतील तर डाळिंबाचे दाणे. दही आंबट नको, पंगतीपर्यंत ते आपणहून आंबट होतं. लाह्यांचा नियम मुरमुऱ्यांच्या उलटा आहे. त्या भिजायलाच हव्यात, पण लगदा होता कामा नये. कालवून पाच मिनिटांनी वाढल्या की बाहेरून मऊ आणि आत अजून थोड्या हटवादी लागतात. लोणच्याचा खार दह्यात उतरून जी पिवळसर रेघ उमटते, तीच चवीची खूण. फार ढवळून ती पुसू नये. एका घासात लोणचं, दुसऱ्यात नुसतं दही, तिसऱ्यात मिरचीचा तुकडा, असा काला प्रत्येकाला वेगळा मिळतो.

मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे अंगत-पंगत शेतावर जाते आणि तिचं नाव हुरडा होतं. कोवळी ज्वारी, गुळभेंडी नाहीतर सुरती, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे पाडायचे. हे काम शेतमालकाचं. शहरातून जाणाऱ्याने न्यायच्या त्या चटण्या. शेंगदाण्याची, तिळाची, कारळाची, जवसाची. बचतगटाच्या बाया त्या इतक्या चांगल्या करतात की घरी कुटायचा हट्ट कशाला? सोबत गूळ, शेव, दही. हुरडा स्वतः गोडसर आणि कोवळा असतो, त्याला चव चढते ती चटणीनेच.

विकतचं नेणं हाही मार्ग आहेच, आणि आपल्या शहरात तो लाजिरवाणा नाही. नान-खलिया घ्या. तुघलकाच्या फौजेबरोबर तो दौलताबादेला आला असं सांगतात. ते खरं असो-नसो, मोठ्या जमावाचं जेवण ही त्याची ओळख टिकून आहे. खलिया ज्याच्या हाताला येतो त्याने करावा. जुन्या शहरातल्या भट्टीवरून नान आणणं मात्र कुणालाही जमतं, आणि नान घेऊन येणाऱ्याची वाट सगळी पंगत बघते. फक्त दुकानातलं घरच्या स्टीलच्या डब्यात भरून ‘सहज केलं’ म्हणू नये. ओळखणारे पहिल्या घासाला ओळखतात आणि भिडेखातर कौतुक करतात. ते कौतुक ऐकणं फार जड जातं. फळांत पेरू न्यावा, फोडी करून तिखट-मीठ भुरभुरून. सीताफळावर माझं प्रेम असलं तरी पंगतीत नको. बिया कुठे टाकायच्या या विचारात माणूस बोलायचा थांबतो. बिस्किटांच्या केकबद्दल मी बोलणार नाही.

मुरमुऱ्यांच्या डब्याचा तळ अजून राहिला. वरचे मुरमुरे उचलले गेले की खाली मेतकूट, तिखट, तेल, अर्धे फुटलेले दाणे आणि कांद्याचे चार तुकडे एकत्र बसलेले असतात. आवाज करण्याची त्यांची उमेद गेलेली असते, पण चव आता कुठे पुरती मुरलेली असते. जाणकार तेवढ्यासाठी शेवटपर्यंत रेंगाळतात. तिथे चमचा चालत नाही, बोटच घालावं लागतं. काल्यातलं दही उरलं असेल तर दोन डाव त्यातच ओतावं आणि डबा फिरवावा. धुवायला फारसं काही राहत नाही.