तुकोबांचा पूल आणि रेव्हरंड टिळकांची ख्रिस्तनिष्ठा

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगरचनेचा गौरव 'ख्रिस्ती भक्तीचे भारतीयीकरण' अशा शब्दांत करण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. हा गौरव यथार्थ असला, तरी त्यामुळे एक अवघड प्रश्न झाकला जातो. येशू हाच एकमेव तारक, अशी ज्याची निष्ठा आहे, त्याने अन्य धर्माविषयी व्यक्त केलेला आदर कितपत खरा मानावा? तो आदर प्रचाराच्या सोयीसाठी असतो, की श्रद्धेच्या गाभ्यातूनच येतो? टिळकांच्या काव्याचे मूल्यमापन या प्रश्नाला वळसा घालून करता येणार नाही.

देशी रूपाचा स्वीकार म्हणजे देशी धर्माचा आदर नव्हे, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'वरून (१६१६) स्पष्ट होते. या इंग्रज जेझुइटाने ओवी आत्मसात केली, मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही वापरला. परंतु ज्या परंपरेतून ही सामग्री आली तिचे दैवत त्यांच्या दृष्टीने खोटेच राहिले. साष्टीतील देवळे पाडली गेल्यानंतर नवख्रिस्त्यांच्या हाती द्यावयाचे ते पुराण होते, हे विसरून त्यातील भाषाप्रेमाकडे पाहणे इतिहासाला धरून होणार नाही.

टिळकांची वाट मुळातच निराळी होती. ते बाहेरून आलेले धर्मोपदेशक नव्हते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ही प्रतिमा समीक्षकांनी वारंवार उद्धृत केली, पण तिची चिकित्सा क्वचितच केली. पूल ओलांडावयाचा असतो. पैलतीरी पोहोचल्यावर त्याची गरज उरत नाही. जे. एन. फार्कर यांनी १९१३ मधील 'द क्राउन ऑफ हिंदुइझम' या ग्रंथात मांडलेला 'परिपूर्ती'चा सिद्धांत नेमका याच जातीचा आहे. त्यानुसार हिंदू धर्मातील उत्तम ते ख्रिस्तात पूर्णत्वास जाते. या भूमिकेत तिरस्कार नाही, हे खरे. परंतु समोरच्याला स्वतःच्या धर्माचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. एखाद्या वारकऱ्याने असा आक्षेप घेतला तर तो निराधार म्हणता येणार नाही. टिळकांच्या अभंगांत तुकोबांची आर्तता आहे, देवाला माउली म्हणून मारलेली हाक आहे, स्वतःच्या क्षुद्रतेची जाणीव आहे. विठ्ठल मात्र नाही. संतांचा आदर होतो, संतांच्या दैवताचे काय, यावर कवी मौन पाळतो.

असे असले तरी टिळकांचे काव्य त्यांच्या पुलाच्या प्रतिमेहून अधिक काही सांगते. पैलतीरी पोहोचूनही हा प्रवासी पुलावरच मुक्काम ठोकून राहिला. बाप्तिस्म्यानंतरच्या चोवीस वर्षांत त्यांची भक्ती प्रगल्भ होत गेली आणि ती अधिकाधिक अभंगाच्याच भाषेत बोलू लागली. भाषांतरित, परक्या चालीवर बेतलेल्या गीतांच्या जागी मराठी ख्रिस्ती मंडळी भजन गाऊ लागली, याचे मोठे श्रेय त्यांचेच. साधन म्हणून घेतलेली भाषा काम झाल्यावर टाकून देता येते. येथे तसे झाले नाही. अभंगावाचून या कवीला ख्रिस्ताशी बोलताच आले नसते. दुसऱ्या परंपरेचे हे ऋण तत्त्वविवेचनातून नव्हे, तर रचनेतून मान्य झालेले आहे, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय वाटते.

घरात या निष्ठेची कसोटी अधिक कठोर होती. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४ पासून प्रकाशित) पतीच्या धर्मांतराने ओढवलेल्या ताटातुटीचे चित्रण आहे. त्या ग्रंथात टिळक कोठेही आदर्श म्हणून रंगवलेले नाहीत. त्यांचा लहरीपणा, अव्यवहारीपणा आणि संताप लेखिका मिस्किलपणे टिपते. परंतु लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. ज्या काळात पत्नीच्या धर्माचा निर्णय पतीच करीत असे, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना तेथे स्थान होते. कॅथलिक चर्चने अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्य आपण नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात १९६५ मध्ये म्हटले. त्याआधी जवळजवळ अर्धशतक एका मराठी प्रॉटेस्टंट कवीने चर्चच्या कुंपणाबाहेर हा प्रयोग मांडला होता. मात्र दोहोंची जात एक नाही. घोषणापत्र अन्य धर्मीयांकडे अन्य धर्मीय म्हणून पाहते. दरबारात बाप्तिस्म्याची अट शिथिल झाली, ख्रिस्ताच्या शिष्यत्वाची नाही. हिंदूने हिंदू समाजात राहून ख्रिस्ताला भजावे, एवढी मुभा तेथे होती. ज्याला ख्रिस्ताला भजावयाचेच नाही, त्याच्याशी कोणते नाते ठेवावे, याचे उत्तर दरबाराच्या योजनेत सापडत नाही. ते पुढे आकाराला आले असते की नाही, हे सांगणे कठीण. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा दरबाराला दोन वर्षेही झाली नव्हती.