पाहुण्या शिकाऱ्याचे रान

वाल्मीकीच्या अरण्यकांडात अगस्त्य मुनी रामास पंचवटी सुचवितात, ती तीर्थ म्हणून नव्हे. कंदमुळे मुबलक, पाणी जवळ आणि मृग विपुल, ह्या गुणांवर ती सुचविली जाते. परमुलखातून आलेल्या धनुर्धराने कोठे राहावे हा प्रश्न, आणि त्या रानाची माहिती असलेल्याने दिलेले हे उत्तर. मृगाच्याच पायी पुढे काय ओढवले, हे वाचकांस सांगावयास नको. आम्ही येथले रहिवासी मात्र ह्या शिफारशीचा विचार सहसा करीत नाही. हरिण पंचवटीत आता भिंतीवरच्या चित्रात तेवढे उरले आहे.

हे सुचण्यास निमित्त झाले कॅप्टन जेम्स फॉर्साइथ ह्याच्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' ह्या ग्रंथाचे. तो १८७१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच साली लेखक वारला. आदल्याच वर्षी मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला होता. आमच्या नाशकावरून, खानदेश ओलांडून तो सातपुड्याच्या रानांशी जातो. विलायतेहून आलेल्या पाहुण्यास ही राने एकाएकी आटोक्यात आली. बारशिंगा कोठे मिळेल, अस्वलासाठी कोणता डोंगर धरावा, अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठीच हे पुस्तक पुष्कळांनी उघडले असावे. मजजवळच्या जुन्या प्रतीत कोणा पूर्वीच्या मालकाने शिसपेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. त्या सर्व जागांच्या नावांखाली आहेत, इतर मजकुराखाली एकही नाही.

हा वाचक ग्रंथकाराहून फार लहान होता, असे म्हणणे भाग आहे. कारण 'कोठे' ह्या प्रश्नास फॉर्साइथ नकाशाने उत्तर देत नाही, झाडाने देतो. बारशिंगा हवा तर साल वृक्षाचे रान पाहा, असा त्याच्या निरीक्षणाचा मथितार्थ. सालाचा मोठा पट्टा पूर्वेकडे मंडल्याच्या बाजूस. पण पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा एक तुटक तुकडा आहे आणि तेथे बारशिंगाही आहे, हे त्याने हेरले. झाड आणि जनावर एकाच बेटावर मागे राहिल्याचे ते दृश्य ग्रंथातील सर्वोत्कृष्ट भागांपैकी एक. तेथे बंदूक जवळजवळ विसरली जाते. अस्वलाविषयीही तसेच. मोहाची फुले गळू लागली की अस्वल कोठे येईल हे निराळे शोधावे लागत नाही. आणि तीच फुले वेचावयास माणसेही जातात, म्हणून गाठही तेथेच पडते.

पण हे ज्ञान आले कोठून? गोंड आणि कोरकू लोकांच्या पायवाटांवरून. गोंड माग काढीत पुढे चालला आहे, तोवर फॉर्साइथचा डोळा लखलखीत असतो. त्याच माणसाविषयी मत देण्याची वेळ आली की त्याचे गद्य सरकारी अहवालासारखे होते. ग्रंथाच्या उपशीर्षकात राने, रानटी जमाती, प्राणी आणि शिकार एका दमात मोजली आहेत. रेव्हरंड हिस्लॉप ह्यांनी नागपुराकडे जमविलेली गोंडांची लिंगो-कथा त्याने घेतली, हे त्याचे श्रेय. पण ती त्याने लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या छंदात ओतली. गोंडाचा आवाज त्यास अमेरिकेवरून वळसा घालून ऐकू आला! शिवाय झाडी जाळून राखेत पेरणी करणारा गोंड त्यास रानाचा शत्रू वाटतो.

साहित्याच्या परीक्षणात राजकारण कशास, असे कोणी म्हणेल. परंतु हा दोष वाङ्मयाचाच आहे. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानातील शिकार सरकारी नियमांखाली गेली. परवाना घेऊन पाहुणा आत आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा गुन्हेगार ठरला; मग पाहुण्यास माग दाखविण्यासाठी त्यालाच बोलवावयाचे. इतका विरोध समोर उभा राहू लागलेला असता लेखकास तो दिसू नये, ह्यास दृष्टीचेच उणेपण म्हटले पाहिजे. अरण्यकांडात पंचवटीस पोचण्यापूर्वीच सीता रामास विचारते, ज्यांनी आपला अपराध केला नाही त्यांजवर शस्त्र का उचलावे? तिचा रोख राक्षसांवर आहे, मृगांवर नव्हे. तथापि कवीने प्रश्न विचारणारे माणूस प्रवासात बरोबर दिले आहे. फॉर्साइथच्या तळावर तसे कोणी नाही.

डनबार ब्रँडर हा वनाधिकारी त्याच्यामागून त्याच मुलखावर १९२३ साली लिहून गेला. त्याचे निरीक्षण अधिक काटेकोर, भाषा मात्र रुक्ष. मध्य भारतातील कठीण जमिनीवरच्या बारशिंगास शास्त्रज्ञांनी त्याचेच नाव दिले. १९७० च्या सुमारास कान्ह्यात ह्या जातीची अवघी ६६ जनावरे राहिली होती. शिकार हे एकच कारण नव्हे. गवताची कुरणेही गेली होती. १९७२ च्या कायद्याने शिकारीचा विषयच संपला, आणि 'कोठे' ह्या प्रश्नाचा अर्थ पालटला. आता बारशिंगा कोठे जगेल, असे विचारावे लागते. कान्ह्यात जनावरे वाढल्यावर २०१५ पासून त्यांतली काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे देनव्याच्याच मुलखात, नेऊन सोडण्यात आली. माझ्या प्रतीत देनवा ह्या नावाखाली पेन्सिलीची रेघ दोनदा ओढलेली आहे.