चित्राला मार्क देताना आपण नेमकं काय मोजतो?



मागच्या लेखात आपण मोजमापाची विश्वसनीयता आणि वैधता हे दोन शब्द पाहिले. अनेकांनी कळवलं की व्याख्या पाठ झाल्या, पण फरक काही डोक्यात बसला नाही. तो बसावा म्हणून आज प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेतेय, चित्रकलेच्या परीक्षेचं. माझा विषय वनस्पतिशास्त्र. मी चित्रकार नाही, त्यामुळे कुणाचं चित्र चांगलं हे सांगण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पण चित्र चांगलं आहे हे ज्या पद्धतीने ठरवलं जातं, ती पद्धत आपण तपासू शकतो. ते आपलं काम आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल. मी नववीत इंटरमिजिएटला बसले. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्राची तयारी आमच्याकडे अशी व्हायची: सरांनी सहा फिगर ठरवून दिलेल्या. डोक्यावर घागर घेतलेली बाई, वाकलेला म्हातारा, पाठमोरा माणूस, मुलाचा हात धरलेली आई, सायकलवाला आणि एक कुत्रा. विषय बाजाराचा आला तर मागे पाल टाकायची, जत्रेचा आला तर मागे पाळणा. माणसं तीच. डाव्या कोपऱ्यात झाड, कारण ‘रचना भरीव दिसते’.

परीक्षेत विषय आला बाजाराचा. माझी आजी आठवडी बाजारात भाजी विकायला बसायची आणि मी पोत्यावर तिच्या शेजारी. मला बाजार आठवायचा तो खालून. पाय, चपला, पिशव्यांची बुडं, तराजूचं पारडं. मी तेच काढलं. श्रेणी आली सी. सर म्हणाले, “बाळा, ठरलेल्या फिगर काढल्या असत्यास तर बी कुठे गेली नव्हती.” ते काही रागावले नव्हते, उलट त्यांना वाईट वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझे पायही फार चांगले आले नसणार. पायाची बोटं काढणं मला आजही जमत नाही. म्हणजे सी योग्यही असेल. पण ती पायांना मिळाली, की खालून बघण्याला मिळाली? हे मला कधीच कळलं नाही, कारण तो कागद मला परत दिसला नाही. हातात आलं ते फक्त एक अक्षर.

आता हा प्रसंग बाजूला ठेवू आणि संशोधकासारखं बघू. ही परीक्षा राज्यात दरवर्षी लाखो मुलं देतात. हल्ली इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. इतके कागद तपासायचे म्हटल्यावर परीक्षकाकडे एका चित्रासाठी किती वेळ असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. अशा वेळी काय पटकन आणि सारखं तपासता येतं? प्रमाणबद्धता, छायाप्रकाश, रंगाची सफाई, कागद भरला आहे का. दोन परीक्षकांना हे तपासायला दिलं तर त्यांचे गुण बऱ्यापैकी जुळतील. याला म्हणायचं विश्वसनीयता. पण जे मोजलं जातंय ते स्मरण आहे का? सहा पाठ केलेल्या फिगर उतरवणं म्हणजे स्मरणच, पण सरांच्या फळ्याचं, बाजाराचं नव्हे. हा झाला वैधतेचा प्रश्न. मोजमाप एकसारखं येतंय, पण ज्याचं यायला हवं त्याचं येत नाही.

पुढची पायरी तुमच्या लक्षात आली असेल. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेला मुद्दा असाच आहे: एखादा निर्देशक आपण नियंत्रणासाठी वापरू लागलो की त्याचा पूर्वीचा अर्थ ढासळतो. आमच्या सरांनी फसवणूक केली नव्हती. त्यांनी पट्टी ओळखली आणि मुलांना पट्टीएवढं केलं.

ही पट्टी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मद्रास, कलकत्ता आणि मुंबई इथे कलाशाळा काढल्या. मुंबईची जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 मध्ये सुरू झाली, तेच आजचं जे. जे. या शाळांवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा मोठा प्रभाव होता. आधी रेषा, मग छापील नमुन्यांच्या नकला, मग भूमिती, मग प्लास्टरचे पुतळे, असा पायरीपायरीचा अभ्यासक्रम. त्यावर हसू नका. कारागिरांचे हात आणि डोळे तयार करणं, उद्योगाला नक्षी काढणारी माणसं मिळणं हा त्या पद्धतीचा हेतू होता, आणि त्या हेतूला अचूक नक्कल ही रास्त कसोटी होती. म्हणजे तिथे वैधता होती! गडबड नंतर झाली. हेतू बदलत गेला. 1919 मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे. मध्ये आले आणि जिवंत मॉडेल समोर बसवून काढण्यावर, भित्तिचित्रांवर भर आला. पुढे 1950 मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला आणि चित्रकलेचा विचार विद्यापीठीय पदवीच्या चौकटीत होऊ लागला. आज आपण मुलांकडून ‘स्वतःची अभिव्यक्ती’ मागतो, आणि शालेय पातळीवर मोजायला बसलो की हात जुन्या पट्टीकडेच जातो.

कला महाविद्यालयात तरी वेगळं असेल असं मला वाटायचं. माझी एक मैत्रीण पेंटिंग शिकली. तिच्या शेवटच्या वर्षाच्या ज्युरीला मी नुसती बघायला गेले होते. चार परीक्षक. त्यातले ज्येष्ठ सर कॅनव्हाससमोर उभे राहिले, थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, “काम कमी पडतंय.” बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. एकाने ‘हो, जरा कमी पडतंय’ म्हणून पुस्तीही जोडली. काय कमी पडतंय? रंगाचे थर, विचार, कॅनव्हासची संख्या, की सरांना आवडणारी शैली? मैत्रिणीने विचारलं तेव्हा उत्तर आलं, “ते सांगून कळत नाही, बघत राहा.”

इथे आपल्याला दोन सोप्या भूमिका मोहात पाडतात. पहिली: कला व्यक्तिनिष्ठच असते, तिला मार्क देणं हाच मूर्खपणा. दुसरी: रुब्रिक बनवा, रंगाला 10, रचनेला 10, म्हणजे प्रश्न मिटला. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलीविरुद्ध पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी 1982 मध्ये एक पद्धत मांडली. लहान मुलींना सारखंच साहित्य देऊन कोलाज करायला सांगितले आणि ते कलाकारांकडून तपासून घेतले. सर्जनशीलतेची व्याख्या परीक्षकांना दिलीच नाही, तुमच्या जाणिवेने ठरवा म्हणाल्या. तरीही परीक्षकांचे गुण चांगले जुळले. म्हणजे जाणकार माणसाच्या नजरेत काहीतरी खरं असतं, सगळा लहरीचा कारभार नसतो. मायकेल पोलानी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात ते हेच: आपल्याला येतं, पण सगळं शब्दांत सांगता येत नाही. ‘सांगून कळत नाही’ हे त्या सरांचं वाक्य म्हणून पूर्ण खोटं नाही.

पण त्या पद्धतीच्या अटी नीट वाचा, कारण संशोधनात जीव अटींमध्ये असतो. परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे गुण द्यायचे. कामं प्रत्येकाने वेगवेगळ्या क्रमाने बघायची. कौशल्य आणि सर्जनशीलता यांचे गुण वेगळे मांडायचे. आता मी पाहिलेली ज्युरी आठवा. ज्येष्ठ आधी बोलले, बाकीच्यांनी माना हलवल्या. तिथे चार मतं नव्हती, एक मत आणि तीन प्रतिध्वनी होते. वर्गात n बरोबर 4 लिहिलं असतं तर आपल्या मॅडमनी लाल शाईने खोडून 1 केलं असतं.

आणि चार स्वतंत्र मतं जुळली तरी काम संपत नाही. चौघेही एकाच शाळेत, एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले असतील तर एकमत म्हणजे एकच रुचीही असू शकते. विश्वसनीयता पुन्हा उत्तम, वैधता पुन्हा लटकलेली. रुब्रिकलाही मी याच कारणाने घाबरते. माझ्या वेळी असा रुब्रिक लावला असता तर डाव्या कोपऱ्यातल्या झाडाला 10 पैकी 8 मिळालेच असते.

मग कला शिकण्यात मोजण्यासारखं वेगळं काही आहे का? यावर मला आवडणारा एक अभ्यास सांगते. गेट्झेल्स आणि चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी शिकागोच्या एका नामांकित कलाशाळेतले 31 विद्यार्थी घेतले. एका टेबलावर 27 वस्तू ठेवल्या आणि सांगितलं, यातल्या हव्या त्या घ्या, दुसऱ्या टेबलावर हव्या तशा मांडा आणि चित्र काढा. संशोधकांनी चित्राच्या आधीचा वेळ पाहिला. कुणी किती वस्तू हाताळल्या, किती उलटसुलट करून बघितल्या, इतर घेत नाहीत अशा वस्तू घेतल्या का. ज्यांनी असा शोध जास्त घेतला त्यांची चित्रं तज्ज्ञांना अधिक मौलिक वाटली, आणि काही वर्षांनी पाहिलं तर कलाक्षेत्रात टिकून नाव मिळवण्याशीही या सवयीचा संबंध दिसला. 1976 च्या त्यांच्या पुस्तकात याला प्रश्न शोधणं म्हटलं आहे.

भारावून जाऊ नका, आधी प्रश्न विचारा. नमुना फक्त 31 जणांचा, सगळे पुरुष, एकच शाळा. आणि यश ठरवलं कशावरून? गॅलरी आणि कलाजगतातल्या जाणकारांच्या मान्यतेवरून, म्हणजे पुन्हा त्याच नजरेवरून. शिवाय संबंध म्हणजे कारण नव्हे. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपल्या स्थिरचित्राच्या पेपरात घडा, कापड आणि दोन फळं दुसऱ्याच कुणीतरी मांडून ठेवलेली असतात. शिकागोत जे पाहिलं गेलं, ती पायरी आपल्या पेपरात मुलाच्या हातात येतच नाही. जे घडूच दिलं नाही ते मोजणार कसं?

माझी टीका एवढीच आहे. कौशल्य शिकवू नका असं मी म्हणत नाही. मला पाय काढता येत नाहीत, आणि कॅमेरा ल्युसिडाखाली पर्णरंध्रं काढताना त्याची किंमत मी रोज मोजते. पण कौशल्याची श्रेणी वेगळी द्या आणि बघण्याची वेगळी. ज्युरीत आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर गुण लिहावेत, मग चर्चा करावी. याला एक पैसाही लागत नाही. विद्यार्थ्याची कच्ची रेखाटनं अंतिम चित्राबरोबर बघावीत, जशी आपली लॅबची वही बघतात. आणि कला महाविद्यालयात तरी प्रत्येक कामावर दोन ओळी लिहून द्याव्यात. लाखो कागदांवर शेरे लिहिणं शक्य नाही हे मला कळतं. वीस जणांच्या वर्गात मात्र ती सबब चालत नाही. सगळं सांगता येत नाही हे खरं, पण ‘रंग चांगला, पण तिन्ही कॅनव्हासमध्ये तू एकाच अंतरावरून बघतेयस’ एवढं सांगता येतं. अव्यक्त ज्ञानाच्या नावाखाली आळस खपवू नये.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेक जण पीएचडीच्या मुलाखतीला सिनॉप्सिस घेऊन बसणार आहात. मी गेल्या दोन वर्षांत मदतीसाठी आलेल्या बऱ्याच सिनॉप्सिस वाचल्या. त्यातही सहा फिगर असतात. ‘एकविसाव्या शतकात’ने सुरू होणारा परिच्छेद, तीच उद्दिष्टं, तोच ‘संशोधनाचे महत्त्व’चा तुकडा; फक्त मागचा पडदा बदललेला, कधी पाल, कधी पाळणा. मुलाखतीतही ज्येष्ठ आधी बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. ती व्यवस्था तुमच्या हातात नाही. वस्तू मांडायचं टेबल मात्र आहे.

म्हणून या आठवड्याचं काम. आपल्या विषयातल्या दहा गोष्टी कागदावर लिहा: एखादं निरीक्षण, न जुळलेला आकडा, बिघडलेला प्रयोग, गावाकडे पाहिलेलं काही. त्यातल्या तीन निवडा आणि त्या शेजारी ठेवल्यावर कोणता प्रश्न तयार होतो ते लिहा. मग तो कागद दोन जणांना वेगवेगळा दाखवा, एकत्र नाही, आणि दोघांकडून लेखी दोन ओळी मागा. ‘चांगलंय’ असं म्हणाले तर सोडू नका. काय चांगलं आहे ते विचारा.