अश्रूंना जागा न देणारा शोक : ‘सद्गती’ या लघुचित्रपटातील भावजागृतीचा विचार

प्रस्तावना

वास्तववादी लघुचित्रपट प्रेक्षकाचे मन कसे हलवितो, हा प्रश्न साहित्य शिकविणाऱ्या प्राध्यापकांना टाळता येत नाही. अलीकडे अनेक महाविद्यालयांत कथेच्या जोडीने तिच्यावरील चित्रपट दाखविला जातो. चित्रपट संपल्यावर विद्यार्थ्यांचे डोळे ओले झाले, तर तास यशस्वी झाला असे आपण मानतो. परंतु प्रेक्षक रडला म्हणजे त्याच्यापर्यंत कलाकृती पोहोचली, हे गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. प्रस्तुत लेखात सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ (१९८१) या चित्रपटाच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हाच चित्रपट निवडण्यास काही कारणे आहेत. तासाभरापेक्षा कमी लांबीचा हा चित्रपट दूरदर्शनसाठी तयार झाला. त्याचे चित्रीकरण छत्तीसगडमध्ये, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रदेशातच झाले. त्याचा आधार प्रेमचंदांची कथा आहे आणि तिच्यावर उर्दू व हिंदी दोन्ही विभागांचा सारखाच हक्क आहे. ओम पुरी यांच्यासोबत स्मिता पाटील आणि डॉ. मोहन आगाशे हे दोन मराठी कलावंत त्यात प्रमुख भूमिकांत आहेत. पांढुर्णा-सौंसर भागातील विद्यार्थी घरी मराठी किंवा उर्दू बोलतो, शाळेत हिंदी वाचतो. त्याला या चित्रपटातील भाषा, शेत, कुटार, ओंडका आणि कुऱ्हाड यांपैकी काहीही समजावून सांगावे लागत नाही.

कथा आणि चित्रपट

१९३० च्या सुमारास लिहिलेली ही कथा उर्दूत ‘नजात’ या नावाने ओळखली जाते. ‘नजात’ म्हणजे सुटका, मुक्ती. ‘सद्गती’ या शब्दात मरणोत्तर चांगल्या गतीची कल्पना आहे. कथेतील मरण पाहता दोन्ही नावे उपरोधिक आहेत.

कथानक थोडक्यात असे. दुखी हा चर्मकार समाजातील गरीब माणूस. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी तो गवताचा भारा नजराणा म्हणून घेऊन पंडित घासीरामाच्या दारी जातो. चित्रपटात तो नुकताच तापातून उठलेला आहे आणि उपाशी आहे. पंडित त्याला अंगण झाडायला सांगतो, कुटार वाहायला सांगतो आणि शेवटी गाठीचा एक जाड ओंडका फोडायला सांगतो. चिलीम पेटविण्यासाठी तो विस्तव मागतो, तेव्हा पंडिताची पत्नी निखारा त्याच्याकडे दुरून फेकते. एक गोंड त्याला सावध करतो. दुखी मात्र घाव घालीत राहतो आणि ओंडक्याजवळच मरून पडतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडल्याने ब्राह्मणवस्तीची अडचण होते. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने दुखीच्या वस्तीतील लोक ते उचलायला येत नाहीत. अखेर पंडित स्वतःच प्रेताच्या पायाला दोरीचा फास लावतो आणि मेलेली जनावरे टाकतात तिथे ते ओढत नेतो. परत येऊन तो त्या जागेवर पाणी शिंपडतो.

कथेच्या शेवटी प्रेमचंदांचा निवेदक स्वतः पुढे येतो आणि आयुष्यभराच्या भक्तीचे हेच फळ, अशा आशयाचे उपरोधिक भाष्य करतो. चित्रपटात हे भाष्य नाही. निवेदकाचा आवाजच काढून टाकला आहे. हा बदल लहान दिसला तरी भावजागृतीच्या दृष्टीने निर्णायक आहे. कथेत वाचकाला लेखकाच्या संतापाचा आधार मिळतो, लेखक आपल्या बाजूने बोलतो आहे असा दिलासा मिळतो. चित्रपटात हा दिलासा नाही. जे पाहिले त्याचे काय करायचे, ते प्रेक्षकाने ठरवायचे आहे.

श्रमाचे दृश्य

भरताच्या रससूत्रानुसार विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. करुण रसाचा स्थायीभाव शोक. त्याचे अनुभाव म्हणजे अश्रू, विलाप, निःश्वास, भूमीवर कोसळणे. लोकप्रिय चित्रपट या अनुभावांवरच भर देतो. पात्र रडते, मागून व्हायोलिन वाजते आणि प्रेक्षक त्या पात्राच्या रडण्यात सामील होतो.

‘सद्गती’च्या बऱ्याच भागात शोकाचे अनुभाव जवळजवळ नाहीत. दुखी रडत नाही, तक्रार करीत नाही, दारिद्र्याविषयी एकही भाषण देत नाही. तो काम करतो. कॅमेरा त्याचे काम पाहतो : झाडणे, वाहणे, पुन्हा वाहणे, मग कुऱ्हाडीचे घाव. संगीत मोजके आहे. लक्षात राहतो तो लाकडावर पडणाऱ्या कुऱ्हाडीचा आवाज. ज्याने कधी गाठीचे लाकूड फोडले आहे, त्याला हा आवाज हातांत जाणवतो. घाव बसतो पण लाकूड हलत नाही, त्या वेळी मनगटापासून खांद्यापर्यंत काय होते, हे आमच्या भागातील शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

म्हणजे येथे भाव जागा होतो तो चेहऱ्यावरील दुःखातून नव्हे, शरीरावरील भारातून. प्रेक्षकाला आधी दुखीची दया येत नाही, आधी त्याचा थकवा जाणवतो. भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण, म्हणजे पात्राचा भाव व्यक्तिविशेष सोडून सर्वांचा होणे, येथे श्रमाच्या द्वारे घडते. जातीने, धर्माने, भाषेने दूर असलेला प्रेक्षकही त्या थकव्यात उभा राहू शकतो. वास्तववादाचे हे मोठे सामर्थ्य आहे. वस्तू खऱ्या असल्या, काम खरे असले, त्याला लागणारा वेळ खरा वाटला, की भावना वेगळी पेरावी लागत नाही.

पंडिताचे सौम्यपण

डॉ. मोहन आगाशे यांची ओळख मराठी रंगभूमीला ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणविसांच्या भूमिकेने झाली. ‘सद्गती’त त्यांच्या वाट्याला आलेल्या पंडिताचेच नाव घासीराम आहे, हा योगायोग. पण येथे त्यांनी खलपुरुष उभा केलेला नाही. हा पंडित ओरडत नाही, मारत नाही. तो पूजा करतो, जेवतो, वामकुक्षी घेतो. दुखीला काम सांगताना आपण काही अन्याय करीत आहोत, याची पुसटशीही जाणीव त्याच्या चेहऱ्यावर नाही. मूळ कथेत तर निखारा फेकल्याबद्दल पंडिताच्या पत्नीला नंतर वाईट वाटते, दुखीला काही खायला द्यावे असा विचारही घरात निघतो. पण एवढ्या भाकरी कोण भाजणार, म्हणून तो विचार मागे पडतो.

प्रेक्षकाला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी जागा हीच आहे. पडद्यावर राक्षस दिसला असता, तर त्याचा द्वेष करून आपण मोकळे झालो असतो. येथे दिसतो तो एक सुखवस्तू गृहस्थ. दारी आलेल्या माणसाला थांबवून ठेवणे, त्याच्याकडून चार कामे करून घेणे आणि त्याने काही खाल्ले आहे का हे विचारायचे राहून जाणे, या गोष्टी आपल्याही घरात घडतात. प्रेक्षकाची दया दुखीकडे जात असताना त्याची लाज स्वतःकडे वळते. या दोन भावनांची ओढाताण हाच या चित्रपटाच्या परिणामाचा गाभा आहे.

बैन आणि त्यानंतर

उर्दूच्या अध्यापकाला येथे मरसियाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये मरसियाला जे रूप दिले, त्यात चेहरा, सरापा, रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत आणि बैन असे टप्पे मानले जातात. बैन म्हणजे शहादतीनंतरचा आप्तांचा विलाप. मजलिशीत श्रोत्यांचा शोक येथे शिगेला पोहोचतो. सर्वजण एकत्र रडतात, आणि त्या रडण्यात एक प्रकारची सामूहिक शुद्धी असते. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात सांगितलेल्या विरेचनाशी तिचे नाते जोडता येईल.

‘सद्गती’तही बैन आहे. दुखीची पत्नी झुरिया भर पावसात पंडिताच्या दाराशी येऊन आक्रोश करते. स्मिता पाटील यांच्या वाट्याला मोकळेपणाने रडण्याचा हाच प्रसंग आला आहे आणि तो अंगावर काटा आणतो. परंतु मरसियाशी तुलना केली की दोन फरक ठळक होतात. पहिला फरक असा की झुरियाच्या शोकात सामील होणारे तेथे कोणी नाही. दार बंद आहे, तिच्या आक्रोशाला पडद्यावर उत्तर मिळत नाही. ज्या समूहाने एकत्र रडायचे, तो समूहच येथे उपस्थित नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. मरसियात बैनने शोकाची सांगता होते. चित्रपट बैनवर थांबत नाही. विलाप झाल्यावर पहाट होते आणि काठी, दोरी, पाय, फास असे एक काम सुरू होते. प्रेक्षकाने रडून मन हलके केले असेल, तर ते हलकेपण या शेवटच्या प्रसंगाने काढून घेतले जाते.

या अखेरच्या दृश्यात पंडित प्रथमच शारीरिक श्रम करताना दिसतो. दिवसभर दुखीने जे ओझे वाहिले, त्याचे रूप बदलून आता दुखीच ओझे झाला आहे. त्यानंतरचे पाणी शिंपडणे ही जागेची शुद्धी. पण प्रेक्षकाची शुद्धी मात्र होत नाही. विरेचन जाणूनबुजून अपुरे ठेवले आहे. पुढे उरते ती करुणा नसून रौद्राच्या जवळ जाणारी, शब्द न सापडलेली एक भावना आहे.

एक आक्षेप

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. दुखी बंड का करीत नाही? प्रेमचंद आणि राय हे दोघेही दलित समाजाच्या बाहेरचे. त्यांनी दलित माणसाला केवळ सोसणारा म्हणून रंगविले, असे म्हणता येईल. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह वाचलेल्या मराठी वाचकाला दुखीचे मौन खटकणे स्वाभाविक आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) हेच मौन मोडले, तेथे अखेरीस पोरगा दगड भिरकावतो आणि तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, अखेरच्या घावांमध्ये दुखीचा संताप आहे. ओम पुरी यांच्या अंगातून तो स्पष्ट दिसतो. फक्त तो ओंडक्यावर निघतो, ज्याच्यावर निघायला हवा त्याच्यावर निघत नाही. दोन, गोंडाच्या तोंडून प्रतिवाद आलेला आहे. तो या व्यवस्थेच्या उतरंडीपासून काहीसा अलग आहे, म्हणून त्याला अन्याय स्पष्ट दिसतो आणि बोलताही येतो. छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाला हे पात्र परके वाटत नाही. मात्र त्याच्या बोलण्याने दुखी वाचत नाही, हेही चित्रपट लपवीत नाही.

वर्गात आणि घरात

पदवीच्या वर्गात हा चित्रपट दाखविल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुधा एका शब्दाची असते : बेचारा. हा शब्द ऐकला की अध्यापकाचे खरे काम सुरू होते. बेचारा म्हणणारा स्वतःला सुरक्षित अंतरावर ठेवतो. एकदा एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, तो तर फक्त मुलीची तारीख काढायला गेला होता ना?” तिच्या घरी त्या वेळी तिच्याच निकाहची बोलणी सुरू होती, हे मला नंतर कळले. तिचा प्रश्न साधा होता. पण त्याने चर्चेची दिशा बदलली. दुखी मरतो तो मुलीच्या सोयरिकीच्या वाटेवर. आपल्याकडे सोयरीक निघाली की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो?

तो प्रश्न बिरादरीचा असतो. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात माणसामाणसांतील श्रेष्ठ-कनिष्ठपणा नाकारला गेला, हे आपण दरवर्षी मुलांना शिकवितो. त्याच वेळी अशराफ आणि अजलाफ हे शब्द, आणि त्यांहूनही खालचा अरजल हा शब्द, आपल्याच समाजाच्या शब्दकोशात आहेत. ‘आमच्यात जात नाही’ असे म्हणून हा चित्रपट दुसऱ्यांच्या घरचा मानणे, हे घासीरामाने पाणी शिंपडण्यापेक्षा फार वेगळे नाही. मुस्लिम शिक्षणसंस्थेत हा चित्रपट शिकविताना ही कबुली अध्यापकाने आधी स्वतः दिली पाहिजे. तरच हिंदू, बौद्ध, गोंड आणि मुसलमान विद्यार्थी एकाच बाकावर बसून त्यावर मोकळेपणाने बोलू शकतील.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘सद्गती’ प्रेक्षकाचे मन हलवितो तो शोकाच्या प्रदर्शनाने नव्हे, तर श्रमाच्या, वस्तूंच्या आणि वेळेच्या तपशिलाने. अन्याय करणारा सौम्य ठेवल्यामुळे प्रेक्षकाला द्वेषाची पळवाट उरत नाही. विलापानंतरही चित्रपट चालू राहिल्याने अश्रूंनी मिळणारी सुटका नाकारली जाते. निवेदकाचे भाष्य वगळल्याने निवाड्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते.

अध्यापकांसाठी यातून निघणारा अर्थ व्यावहारिक आहे. चित्रपट संपल्याबरोबर दिवे लावून ‘कसे वाटले’ असे विचारू नये. थोडा वेळ शांतता असू द्यावी. नंतर विद्यार्थ्यांना दुखीविषयी नव्हे, घासीरामाविषयी लिहायला सांगावे : त्या दिवशी त्याने कोणकोणती कामे केली, आणि त्यांपैकी कोणती आपल्या घरी रोज होतात. आलेल्या उत्तरांत अश्रू कमी असतील, पण प्रामाणिकपणा अधिक असेल असा विश्वास वाटतो.