पाहुण्यांसाठी आवरलेलं घर : व्हॉयेजरची तबकडी आणि कांटचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाची जाहिरात ‘परग्रहावर बुद्धिमान जीव आहेत का?’ अशी झाली, आणि त्यामुळे समोर नेहमीपेक्षा तरुण चेहरे जास्त दिसताहेत. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. उडत्या तबकड्यांबद्दल माझ्याकडे काहीही माहिती नाही. (हशा) मी बोलणार आहे ते एका वेगळ्या तबकडीबद्दल. ती तिकडून आलेली नाही, आपण इकडून पाठवलेली आहे.

१९७७ साली अमेरिकेच्या नासाने दोन यानं सोडली. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका आहे. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, शंभराहून अधिक चित्रं आहेत, पाऊस, पक्षी, आगगाडी असे पृथ्वीवरचे आवाज आहेत आणि सुमारे दीड तासाचं संगीत आहे. एखाद्या परग्रहवासीयाला ती सापडलीच, तर त्याला आपण कोण आहोत ते कळावं, ही कल्पना. या तबकडीकडे आज मी एक ग्रंथ म्हणून बघणार आहे. ग्रंथाची समीक्षा करताना आपण जे विचारतो तेच विचारायचं : काय सांगितलंय, काय गाळलंय आणि का?

पण आधी तुमचा प्रश्न. ते आहेत का?

तत्त्वज्ञानात या प्रश्नाचा मोठा मजेशीर इतिहास आहे. इमॅन्युएल कांट १७५५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, विश्वाच्या उत्पत्तीवर पुस्तक लिहितो आणि त्याच्या शेवटच्या भागात इतर ग्रहांवरच्या रहिवाशांची वर्णनं करतो. सूर्याजवळचे, म्हणजे बुध-शुक्रावरचे, जड बुद्धीचे. लांबचे, गुरू-शनीवरचे, अतिशय तल्लख. आणि आपण? मधल्या बाकावरचे. (हशा) आज हे वाचून हसू येतं. पण पुढे १७८१ मध्ये ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ लिहिताना हाच कांट फार सावध झालेला दिसतो. तिथे तो मत, विश्वास आणि ज्ञान अशा तीन पायऱ्या करतो आणि उदाहरण हेच घेतो. तो म्हणतो, आपल्याला दिसणाऱ्या ग्रहांपैकी एखाद्यावर तरी रहिवासी आहेत, यावर मी माझं सर्वस्व पणाला लावीन. म्हणजे हे नुसतं मत नव्हे, पक्का विश्वास आहे. पण लक्षात घ्या, ज्ञान आहे असं तो म्हणत नाही. आता कांटने स्वतःचं घर घेतलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे पैज लावायला तसं फार काही नव्हतं! (हशा)

आज ही पैज कुठे आहे? आपल्या सूर्यमालेपुरती तरी कांट हरला, निदान बुद्धिमान रहिवाशांच्या बाबतीत. पण १९९५ मध्ये सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला आणि तेव्हापासून इतर ताऱ्यांचे पाच हजारांहून अधिक ग्रह नोंदले गेले आहेत. घरं भरपूर सापडली. दिवा मात्र एकाही खिडकीत दिसलेला नाही. फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने १९६० मध्ये रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडे कान लावला, त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. अजून ठोस असं काही हाती नाही. तेव्हा प्रामाणिक उत्तर कांटचंच आहे : विश्वास ठेवायला जागा आहे, ज्ञान नाही. याहून जास्त सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून पुरावा मागा.

मग तबकडीचं काय? व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर गेलंय. सुमारे ४०,००० वर्षांनी ते एका ताऱ्याच्या ‘जवळून’ जाईल. जवळून म्हणजे किती? साधारण १.६ प्रकाशवर्षं! आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून कुणी एवढ्या अंतरावरून गेलं तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. थोडक्यात, हे पत्र पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि सेगनना ते उत्तम माहीत होतं. म्हणून या ग्रंथाचा खरा वाचक तिकडे नाहीच, तो इकडे आहे. पाहुण्यांच्या नावाने आपण आपल्यालाच लिहिलेलं हे पत्र आहे.

आता यातला आपला वाटा बघू. ५५ भाषांत मराठी आहे. सुमेरियन आहे, हित्ताइत आहे, लॅटिन आहे. संस्कृत नाही, तमिळ नाही, आफ्रिकेतली एवढी मोठी स्वाहिली नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या परिसरात घाईघाईने जो भाषक मिळाला त्याला बोलावलं, असा एकंदर प्रकार. तेव्हा ‘सगळ्या मानवजातीचा आवाज’ हे शब्द जरा जपून वापरावेत. मराठीत एका बाईंचा आवाज आहे. माझ्या नातीने मला तो फोनवर ऐकवला. त्या नमस्कार म्हणतात, पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवतात आणि शेवटी इच्छा व्यक्त करतात की तुम्ही ‘ह्या जन्मी’ धन्य व्हा. ह्या जन्मी! म्हणजे आणखी जन्म असतात हे त्या माउलीने परग्रहवासीयाच्या बाबतीतही गृहीत धरलं. आणि या अभिवादनाचं जे इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात पृथ्वीवरचे लोक शुभेच्छा पाठवतात एवढंच आहे. जन्म गळून गेला.

मला हे फार बोलकं वाटतं. मराठीतून इंग्रजीत जाईतो, एकाच विद्यापीठाच्या आवारात, एक अख्खी जीवनदृष्टी सांडली. आणि आपण ताऱ्यांपलीकडच्यांशी गणिताच्या भाषेत बोलू म्हणतो!

पण हा दोष नजरचुकीचा. माझा मुख्य आक्षेप ठरवून केलेल्या गोष्टीवर आहे. या मंडळींनी विचारपूर्वक असं ठरवलं की युद्ध, रोगराई, गुन्हे, दारिद्र्य यांची चित्रं द्यायची नाहीत. अणुस्फोटाचं चित्र नाही. नग्न स्त्री-पुरुषांच्या छायाचित्राला तर नासानेच नकार दिला, मग नुसती बाह्याकृती पाठवली. याचं समर्थन काय? समर्थन आपल्या घरातलंच आहे. पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? सगळा पसारा आतल्या खोलीत ढकलतो, दार लोटून घेतो आणि बाहेरच्या खोलीत स्वच्छ चादर घालतो. त्यात खोटेपणा कसला, हा तर शिष्टाचार झाला. शिवाय अणुस्फोटाचं चित्र पाठवलं तर समोरच्याला ती धमकी वाटेल, हीसुद्धा एक अडचण. हे म्हणणं मी उडवून लावत नाही. पहिल्या भेटीत कुणी आपल्या घराण्यातले खून सांगत बसत नाही.

इथे मी पुन्हा कांटकडे येतो, कारण त्याने नेमकी हीच गोष्ट एका परग्रहाच्या उदाहरणाने सांगितली आहे. १७९८ मध्ये, उतारवयात, त्याने आपली मानवशास्त्रावरची व्याख्यानं प्रसिद्ध केली. त्यांच्या अगदी शेवटी तो म्हणतो : समजा, एखाद्या ग्रहावर असे बुद्धिमान जीव आहेत की त्यांना मोठ्याने बोलल्याशिवाय विचारच करता येत नाही. मनात आलं की तोंडातून बाहेर. ते देवदूतांसारखे निर्मळ असले तर गोष्ट वेगळी, नाहीतर ते एकमेकांबरोबर शांततेत राहणार कसे? तुम्हीच कल्पना करा. एका लग्नाच्या पंगतीत सगळे मोठ्याने विचार करताहेत! (मोठा हशा) माणसाचं तसं नाही. तो दुसऱ्याचे विचार काढून घेतो आणि स्वतःचे राखून ठेवतो. आणि कांट सांगतो, हे राखून ठेवणं हळूहळू फसवण्यापर्यंत आणि मग खोटं बोलण्यापर्यंत जातं.

आता याच कांटचं नीतिशास्त्र आठवा. त्याचा नैतिक नियम फक्त माणसांसाठी नाही, सगळ्या विवेकशील जीवांसाठी आहे. तो हे पुन्हा पुन्हा सांगतो. वर्गात मुलं विचारायची, ‘सर, माणसाशिवाय विवेकशील जीव आहेत कुठे?’ मी म्हणायचो, असोत-नसोत, नियम त्यांच्यासाठीही आहे. म्हणजे परग्रहावरचा पाहुणा खरोखर विवेकशील असेल तर त्याच्याशी खरं बोलणं हे आपलं कर्तव्य ठरतं. त्याला शिंगं आहेत की शेपूट, याने फरक पडत नाही.

या कसोटीवर तबकडी कशी उतरते? तिच्यावर सगळ्या पृथ्वीच्या वतीने बोलणारा आवाज आहे तो संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा. शांतता आणि मैत्री हा त्यांचा विषय. पुढे १९८६ मध्ये ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा उघड झालं की दुसऱ्या महायुद्धात बाल्कन प्रदेशात जर्मन सैन्यात अधिकारी म्हणून काढलेला काळ त्यांनी आपल्या जीवनकथेतून गाळला होता. इतिहासकारांच्या समितीने १९८८ मध्ये सांगितलं की त्यांनी स्वतः युद्धगुन्हे केल्याचा पुरावा नाही, पण आजूबाजूला काय चाललं होतं ते त्यांना माहीत होतं. सेगनना १९७७ मध्ये हे ठाऊक नव्हतं, तो दोष मी त्यांना देत नाही. पण कसा योग आहे बघा. ज्या ग्रंथातून युद्ध गाळलं, त्याचा प्रवक्ताही युद्ध गाळणाराच निघाला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. खरोखर संदेश आला तर आपण काय करू? १९८९ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी एक आचारसंहिता केली : संकेताची आधी खात्री करायची, मग तो जगाला सांगायचा आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर द्यायचं नाही. ठीक आहे. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९७४ मध्ये, अरेसिबोच्या दुर्बिणीवरून एक संदेश कुणालाही न विचारता पाठवून झाला होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी त्याचा निषेध केला. आपण इथे आहोत हे ओरडून सांगू नका, समोरचा कसा असेल कोण जाणे! २०१० मध्ये स्टीफन हॉकिंग यांनीही तेच सांगितलं आणि उदाहरण दिलं कोलंबसचं. कोलंबस पोचल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचं जे झालं तेच आपलं होईल.

जरा थांबा इथे. ही भीती कुणाची आहे? परग्रहवासीयाबद्दल तर आपल्याला काहीच माहीत नाही. कोलंबस आपला आहे. आपल्याला भीती वाटते ती समोरून आपणच येऊ याची. तबकडीतून आपण जे गाळलं, तेच आपल्या भीतीत परत आलं. आतल्या खोलीत ढकललेला पसारा रात्री आवाज करतो आणि आपल्याला वाटतं, बाहेर चोर आला!

गंमत अशी की हे त्या मंडळींना कळत नव्हतं असं नाही. ड्रेक स्वतः या गटात होते. १९६१ मध्ये त्यांनी प्रगत संस्कृतींची संख्या अंदाजण्यासाठी एक समीकरण मांडलं. त्यातला शेवटचा घटक आहे : संदेश पाठवण्याइतकी प्रगत झालेली संस्कृती टिकते किती काळ? शीतयुद्ध चालू असताना हा प्रश्न विचारणं म्हणजे अणुबॉम्बबद्दलच विचारणं. समीकरणात जे सर्वांत महत्त्वाचं, ते तबकडीत नाही.

आता माझा शेवटचा आणि मुख्य मुद्दा. दोष लपवण्यात बिघडलं काय? बिघडलं ते असं. त्याच व्याख्यानांच्या शेवटी कांट म्हणतो, मानवजातीचा मूर्खपणा आणि दुष्टपणा बघून आपण तिला नावं ठेवतो. पण हे नावं ठेवणंच दाखवून देतं की आपल्यात नैतिक काहीतरी आहे. ज्याला लाज वाटते त्याला चांगलं काय ते माहीत असतं. म्हणजे बघा, आपण दोष लपवला तेव्हा त्या दोषाबद्दल वाटणारी लाजही लपली. युद्धाचं चित्र काढून टाकलं, त्याबरोबर युद्धाला विरोध करणारा माणूसही गेला. गुलामगिरी दाखवली नाही, म्हणून ती मोडणारेही दिसले नाहीत. आपली सगळ्यांत चांगली बाजू आपण वाईट बाजूबरोबर आतल्या खोलीत कोंडली.

एक गोष्ट मात्र त्या खोलीतून निसटली. संगीत. अमेरिकेतला अंध, कृष्णवर्णीय गायक ब्लाइंड विली जॉन्सन गरिबीत मेला. त्याचं शब्दांवाचूनचं कण्हणं त्या तबकडीवर आहे. आणि आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी गाताहेत. व्हॉयेजर-१ उडालं त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. ती भैरवी ऐकताना मला कांटचे ते मोठ्याने विचार करणारे जीव आठवतात. गाताना माणूस त्यांच्या सगळ्यांत जवळ जात असावा. तिथे काही राखून ठेवता येत नाही. दुःखाचं चित्र पाठवायचं नाही असं समितीने ठरवलं, पण दुःख सुरांतून गेलंच. पाहुण्याला कान असतील की नाही कोण जाणे. आपल्याला आहेत.

एवढंच बोलून थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, उद्या संदेश आला आणि उत्तर लिहायचं काम तुमच्याकडे दिलं, तर काय लिहाल?)

माझ्याकडे देऊ नका! (हशा) नाही, गंभीरपणे सांगतो. पहिलं वाक्य असं लिहीन की हे सगळ्यांच्या वतीने लिहिलेलं नाही, सगळ्यांना विचारता आलं नाही. दुसरं, आमच्या हातून काय काय झालं त्याची एक छोटी यादी, हिरोशिमासकट. आणि तिसरं, यातल्या कुठल्या गोष्टींची आम्हाला लाज वाटते ते. मग त्यांना विचारीन, तुमचं काय? अशा पत्राला उत्तर आलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि नाही आलं, तरी तेवढं लिहिण्याच्या निमित्ताने आपण एकमेकांना ती यादी एकदा वाचून दाखवलेली असेल. माझ्या मते त्यासाठी संदेशाची वाट बघायचं कारण नाही.