एक क्लिप, दोन उत्तरे

हृदय दुबळे होऊन डावे निलय फुगले, की द्विदल झडपेची दले नीट मिटत नाहीत आणि रक्त उलटे अलिंदात गळते. जांघेतील शिरेतून नळी नेऊन ही दले क्लिपने मधोमध जोडता येतात. छाती उघडावी लागत नाही.

या उपचाराच्या दोन चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. फ्रान्समधील 'मित्रा-एफआर' चाचणीत ३०४ रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू पावलेले किंवा हृदय अधिक दुबळे होऊन रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण क्लिप गटात ५४.६ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत ५१.३ टक्के निघाले. फायदा दिसला नाही. अमेरिका व कॅनडातील 'कोॲप्ट' चाचणीत ६१४ रुग्ण होते. तेथे दोन वर्षांतील मृत्यू अनुक्रमे २९.१ आणि ४६.१ टक्के होते.

मग खरे कोणाचे? आम्हांला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 'कोॲप्ट'मध्ये गळती जास्त, पण निलय कमी फुगलेले असे रुग्ण होते. औषधेही आधीच पुरेशी दिलेली होती. 'मित्रा'त बहुधा मूळ दुखणे झडपेपेक्षा स्नायूचे होते.

एक उणीव मात्र दोन्हींत आहे. क्लिप कोणाला बसवली, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. रुग्णालयात दाखल करण्याच्या निर्णयावर त्याची छाया पडू शकते. मृत्यूच्या नोंदीवर सहसा नाही.

'हा उपचार चांगला आहे' हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणासाठी चांगला, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.